टेकडीच्या पायथ्याशी बुटांचे दोन जोड

टोकियोत, हिगाशी-कसाईतल्या आमच्या इमारतीपासून सायकलनं बारा मिनिटांवर बेंतोचा कारखाना होता. बेंतो म्हणजे दुपारच्या जेवणाचा तयार डबा. मी तिथं भाताच्या पट्ट्यावर उभी असायचे. सरकत्या पट्ट्यावरून डबा समोर आला की त्यात भात चापून बसवायचा, मधोमध एक खारवलेलं लाल फळ टेकवायचं आणि डबा पुढं जाऊ द्यायचा. हातात मोजे, डोक्यावर टोपी, तोंडाला फडकं, उघडे काय ते डोळे. चार वर्षं मी हे काम केलं आणि मला ते मनापासून आवडायचं. त्यात वाचायला काही नव्हतं.

मग एका शुक्रवारी हानचो-साननी, म्हणजे आमच्या पाळीच्या मुकादमांनी, मला बाजूला बोलावलं. आमच्या पट्ट्याची लीडर नोकरी सोडून आपल्या गावी चालली होती. तिची जागा मी घ्यावी, असं त्यांचं म्हणणं. काम मला येत होतं, त्याची भीती नव्हती. पण लीडरला रोज काम संपल्यावर एक पान लिहून द्यावं लागे. शिवाय हियारी-हात्तोच्या चिठ्ठ्या. काळजात धस्स झालं पण अपघात होता होता टळला, असं काही घडलं की त्याची चिठ्ठी लिहून पेटीत टाकायची, ही तिथली पद्धत. कुणाला बोल लावायला नव्हे, पुढच्या माणसानं जपावं म्हणून. दर सोमवारी त्या चिठ्ठ्या सगळ्यांसमोर वाचल्या जात. दुसऱ्यांच्या ऐकायला मजा यायची. स्वतः लिहायच्या म्हटल्यावर माझे तळहात मोज्यांच्या आत ओले झाले.

माझी शाळा नववीत सुटली. मिरजेच्या मार्केट यार्डात आई धान्य निवडायला जायची. तिची पाठ आखडली आणि तिच्या जागी मी जाऊ लागले, दोन महिन्यांपुरती म्हणून. ते दोन महिने काही संपले नाहीत. पुढं लग्न झालं. ह्यांचा तेव्हा नुसता डिप्लोमा होता. मग पुण्यात कॉम्प्युटरचे कोर्स, मग एक कंपनी, आणि त्या वर्षांत जपानला एवढी माणसं जात होती की त्या लोंढ्यात आम्हीही इथं येऊन पडलो. आमच्या इमारतीतल्या आपल्याकडच्या बायका एम.एस्सी., बी.कॉम. झालेल्या. कुणी विचारलं की मी म्हणायचे, "माझं काय, घरचंच." यातून ज्यानं त्यानं हवं ते समजावं.

हानचो-सानना मी म्हणाले, "विचार करते." जपानात विचार करते म्हणजे नाही, हे मला कळत होतं. मला ते कळतं, हे त्यांनाही कळत असणार. तरी ते म्हणाले, "सुट्टीवरून आल्यावर सांगा. घाई नाही."

सुट्टी ह्यांची होती. पाच वर्षं झाली की ह्यांच्या कंपनीत सलग दहा दिवस रजा घ्यायलाच लावत. स्टेशनाजवळच्या प्रवासी कचेरीच्या काचेवर एक चित्र लावलेलं असायचं. लाल वाळूची एवढी मोठी टेकडी, वर निळंभोर आभाळ, मध्ये काही म्हणजे काही नाही. येता जाता मी तिथं सायकल थांबवायचे. ते ह्यांनी कधी पाहिलं कोण जाणे. एक दिवस घरी येऊन म्हणाले, "चल, तुझ्या वाळूला जाऊ."

वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "आफ्रिका? अहो, लोक हाकोनेला जातात. वाघच बघायचा तर उएनोच्या प्राणिसंग्रहालयात आहे की."

"आफ्रिकेत वाघ नसतात, वहिनी," हे म्हणाले.

"घ्या! मग जाताय कशाला?"

नामिबियाची ती सहल जपानी कंपनीची होती. आम्ही दोघं आणि चार जपानी जोडपी, सगळी साठीच्या पुढची. बरोबर टोकियोहून आलेली, सहल सांभाळणारी तिशीची एक संचालिका. गळ्यात शिटी, हातात पिवळं निशाण, पाठीवर औषधांपासून छत्र्यांपर्यंत सगळं. तिथं पोचल्यावर गाडी चालवायला आणि वाट दाखवायला तिथलाच एक पन्नाशीचा माणूस भेटला, उंच, सावकाश बोलणारा. फोनवर घरच्यांशी बोलताना मधेच त्याची जीभ टाळ्याला लागून टक्कन वाजायची. ती त्याची भाषा. आमच्याशी तो इंग्रजीत बोलायचा, आणि संचालिका त्याचं जपानी करायची. ह्यांना इंग्रजी कळायचं, जपानी ऑफिसापुरतं. मला जपानी कळायचं, इंग्रजी जेमतेम. त्यामुळे एकच माहिती आम्हा दोघांकडे दोन वाटांनी यायची आणि जेवताना आम्ही ती जुळवायचो. "तो म्हणाला जिराफाला झोप कमी लागते." "ती म्हणाली जिराफ उभ्यानं झोपतो." मग दोन्ही खरं धरायचं.

पहिले तीन दिवस जनावरांचे. एटोशा नावाचं अभयारण्य, मध्ये मिठाचं पांढरं मैदान. इतकं पांढरं की क्षितिज कुठं आहे ते दिसत नव्हतं, शहामृगं हवेत चालल्यासारखी वाटायची. मैदानाच्या कडेला एक पाणवठा होता. त्याच्यापाशी गाडी उभी करून गाइडनं इंजिन बंद केलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

आधी काही नव्हतं. मग झेब्रे आले आणि पाण्यापासून लांब थांबले. त्यांच्यामागं हरणं आली, तीही थांबली. कुणी ढकलाढकली करेना. मला वाटलं, ही जनावरं तर आपल्या स्टेशनावर रांगेत गाडीची वाट बघत उभी आहेत. एक जिराफ आला, त्यानं पुढचे दोन पाय फाकले, पुन्हा जवळ घेतले, पुन्हा फाकले. पाणी प्यायचं म्हणजे त्याला केवढा उपद्व्याप! आणि मग सगळ्यांनी एकदम माना वळवल्या.

हत्ती येत होते. बारा-तेरा तरी होते. एवढी धुडं, पण पावलांचा आवाज नाही. हेच मला अजून आठवतं. खडीवरून आपण दोन माणसं चाललो तरी कर्रकर्र होतं. हे डोंगर चालले होते आणि माझ्या शेजारच्या बाईंच्या श्वासाचा आवाज मला येत होता. एक पिल्लू आईच्या पोटाखालून चाललं होतं, तिच्या सावलीत. आई थांबली की ते थांबायचं. माझ्या डोळ्यांतून पाणी कधी आलं कळलं नाही. शेजारच्या बाईंनी न बघता हातरुमाल पुढं केला. त्यांचेही डोळे ओले होते.

त्या सत्तरीच्या होत्या, चण बारीक, केस पांढरे, आखूड कापलेले. मी मनात त्यांना आजी म्हणायला लागले होते. त्यांचे यजमान पुढच्या बाकावर, कॅमेऱ्याला डोळा लावून. हे त्यांच्या शेजारी, कारण ह्यांनाही कॅमेऱ्याचं वेड.

गाडी निघाल्यावर आजींनी विचारलं, "जपानी छान बोलता. कुठं शिकलात?"

"डब्यांच्या कारखान्यात."

त्या खळखळून हसल्या. म्हणाल्या, "म्हणूनच. पुस्तकातलं वाटत नाही."

मग कळलं, त्या अडतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. माझी पाठ आपोआप ताठ झाली. पुढचा प्रश्न येणार हे मला माहीत होतं, आणि तो आलाच. "तुमच्याकडे तुम्ही काय शिकलात?"

मी खिडकीबाहेर बोट दाखवलं. "तो बघा, जिराफ!"

देवाची कृपा, खरंच एक जिराफ होता.

त्या दिवशी जेवताना हे म्हणाले, "परत गेल्यावर हानचो-सानना उत्तर द्यायचंय. काय ठरवलंस?"

"'नाही' म्हणून सांगणार."

"का?"

"मला लिहिता येत नाही."

"अगं, वॉर्डाच्या क्लासात हिरागानाची बाराखडी शिकलीस की दोन वर्षं."

"अक्षरं येतात. लिहिणं वेगळं."

ह्यांना तो फरक कळला नाही. त्यात ह्यांचा दोष नाही. ज्याची शाळा पुरी झाली त्याला तो कळायचा नाही.

नंतर दोन दिवस नुसता प्रवास आणि मग वाळवंट. चित्रातली ती लाल वाळू. अजून झुंजुमुंजू होतं तेव्हाच आमची गाडी आत शिरली. सूर्याची पहिली तिरीप टेकड्यांच्या कडेवर पडली आणि एकेक टेकडी उभी चिरल्यासारखी झाली, अर्धी शेंदरी, अर्धी काळी. तो कॅमेरावाला म्हाताराही फोटो काढायचं विसरला होता.

आम्ही चढणार होतो त्या टेकडीच्या अलीकडे गाडी थांबली. नेमक्या त्याच सकाळी आमच्यातल्या एका बाईंचं पोट बिघडलं होतं. संचालिका त्यांच्यापाशी गाडीतच थांबली. गाइडनं चालायला लागण्यापूर्वी इंग्रजीत काहीतरी सांगितलं. हे आणि आणखी दोघं माना हलवत होते. त्याचं जपानी करायला कुणी नव्हतं. मीही इतरांबरोबर मान हलवली. वर्गातही मी हेच करायचे.

गाइड पुढं, त्याच्यामागं कॅमेरेवाले, त्यात हे. शेवटी आजी आणि मी. टेकडीच्या पायथ्याशी कड सुरू होत होती तिथं मी थबकले. रात्रीच्या वाऱ्यानं वाळू अशी सारखी केली होती की त्यावर एक रेघ नव्हती, पुढच्यांच्या पावलांची माळ तेवढी. मला पाऊल टाकवेना. जन्मभर देवळाच्या पायरीशी चपला काढल्या, जपानात आल्यावर घराच्या दारात, क्लासाच्या दारात, कारखान्यात तर दोनदा. हात आपोआप बुटांच्या नाड्यांकडे गेले. बूट काढले, मोजे आत खोचले आणि जपानी पद्धतीनं बुटांची तोंडं बाहेरच्या बाजूला करून ते नीट जोडून ठेवले. परत आल्यावर सरळ पाय घालता यावा म्हणून तसं ठेवतात.

आजी बघत होत्या. मग त्याही वाकल्या. त्यांनी आपले बूट काढून माझ्या बुटांशेजारी ठेवले, टेकडीकडे तोंड करून किंचित झुकल्या आणि म्हणाल्या, "ओजामाशिमास." दुसऱ्याच्या घरात शिरताना जपानात असं म्हणतात, तुम्हाला त्रास द्यायला आले आहे, असा काहीसा त्याचा भाव.

वाळू गार होती. गव्हाच्या राशीत पाय घातल्यासारखी गार. मार्केट यार्डात सकाळी पहिलं पोतं ओतलं की मी त्यात घोट्यापर्यंत पाय रोवून उभी राहायचे, आई ओरडेपर्यंत. पंचवीस वर्षांनी ते पायांना आठवलं. आजी एका हातानं माझा दंड धरून चढत होत्या आणि दर दहा पावलांनी "आहाहा" म्हणायच्या.

वर पोचलो. त्याचं मी काय सांगू? चहूकडे टेकड्याच टेकड्या. एकीमागं एक, तांबड्या, मग गुलाबी, मग धुरकट, आणि कुठंही घर नाही, तार नाही, आवाज नाही. वारा आमच्या पायांशी वाळूचा एक पातळ पदर उडवत होता, तेवढंच हलत होतं. मला वाटलं, हे रोज इथं असतं. मी पट्ट्यावर भात भरत असते तेव्हाही असतं. मी नसेन तेव्हाही असेल. घाबरायला व्हावं असं ते दृश्य, पण मी, जी गॅस बंद केला का ते बघायला तीनदा घरात परत जाते, ती अजिबात घाबरले नाही. हे जवळ येऊन उभे राहिले. म्हणाले, "काचेवरच्या चित्रापेक्षा बरं आहे ना?" मी ह्यांचा हात धरला. चारचौघांत पहिल्यांदा.

मग गाइडनं पलीकडची उतरण दाखवली. खाली, टेकड्यांच्या खोबणीत, पांढऱ्याशुभ्र मातीचं एक वाळलेलं तळं होतं, आणि त्यात काळी झाडं. तो उतरणीवर दोन उड्या मारून दाखवून खाली निघाला, आणि साठीच्या, सत्तरीच्या त्या माणसांनी शाळा सुटल्यासारखी आरोळी ठोकली. सगळे घसरत निघाले. पायाखालची वाळू घुमल्यासारखी वाजत होती. आजी बसूनच घसरल्या. मी हसत हसत त्यांच्या मागं.

खालची झाडं शेकडो वर्षांपूर्वी मेलेली, पण कुजायला ओल नाही म्हणून तशीच उभी राहिलेली. मी एका खोडाला हात लावायला गेले आणि मागं घेतला. ती मेलेली आहेत असं वाटेना. फार जुनी माणसं कशाची तरी वाट बघत उभी आहेत असं वाटत होतं. किती वेळ आम्ही तिथं हिंडलो कोण जाणे. ऊन चढलं.

"चला," गाइड म्हणाला, आणि गाडीकडे जायच्या वाटेला लागला. टेकडीला वळसा घालून. वाळूतून.

चार पावलं टाकल्यावर मला कळलं. आमचे बूट टेकडीच्या दुसऱ्या पायथ्याशी होते.

तेव्हा बोलायला हवं होतं. पण माझ्या मनात काय काय आलं! सगळ्यांना थांबावं लागेल. सगळे बघतील. वाळवंटात बूट काढून ठेवणारी अडाणी बाई, आणि शिक्षिकेलाही काढायला लावले. वाळू तापली होती, पण सोसवत होती. मी स्वतःला म्हटलं, थोडंच तर अंतर आहे. आजींकडे पाहिलं. त्या हसून म्हणाल्या, "उबदार आहे, नाही?" आणि चालत राहिल्या. मला बोलायला लाज वाटत होती. आणि त्या बोलत नव्हत्या, कारण दुसऱ्याची गैरसोय होऊ नये हे त्यांच्या हाडात मुरलेलं. अशा आम्ही दोघी शेजारी शेजारी, तोंड मिटून, दहा मिनिटं चाललो.

मग मी त्यांची पावलं बघितली. त्या पावलांच्या कडांवर चालत होत्या, टाचा टेकत नव्हत्या. माझ्या तळव्यांना मार्केट यार्डाची सवय होती. त्यांची कातडी कागदासारखी.

"अहो, थांबा!" मी ओरडले. मराठीत. पण सगळेच थांबले.

गाइड धावत आला. एकदा आमच्या पायांकडे बघितलं आणि काही न विचारता आजींना पाठीवर घेतलं. ह्यांनी आपले बूट मला दिले आणि स्वतः मोज्यांवर उड्या मारत चालले. "तुला सांगितलं होतं ना तो काय म्हणाला ते?" हे कण्हत म्हणाले.

"कधी सांगितलंत?"

"बूट काढलेत तर हातात घ्या, आपण पलीकडे उतरणार, असं म्हणाला तो." मग ह्यांनाच आठवलं. "नाही सांगितलं. मी फोटोच्या मागं पुढं गेलो."

गाडीपाशी संचालिकेनं आजींचे पाय पाण्यात ठेवले. दोन्ही तळव्यांना फोड आले होते. गाइड बूट आणायला गेला. तो परतला तेव्हा हसत होता. म्हणाला, इतक्या वर्षांत त्याला वाळूत टोप्या सापडल्या, बाटल्या सापडल्या, एकदा कुणाचे दातही सापडले. पण दारात काढून ठेवल्यासारखे बूट त्यानं पहिल्यांदाच पाहिले. पाहून क्षणभर वाटलं, टेकडीच्या आत कुणीतरी पाहुणे गेलेत. सगळे हसले. मला हसू येईना.

संध्याकाळी जेवणाआधी संचालिका एक छापील कागद घेऊन आली. दुखापत झाली की तिला कंपनीला अहवाल द्यावा लागे. अहवाल म्हटल्याबरोबर माझं डोकं कुठल्या कुठं गेलं. कंपनीकडून पोलिसांकडे, पोलिसांकडून इमिग्रेशनकडे. मी ह्यांना हळूच विचारलं, "आपला व्हिसा जाईल का हो?"

"अगं, वाळूत बूट काढले म्हणून कुणी व्हिसा काढत नाही."

संचालिका मात्र मऊ आवाजात म्हणाली, "त्या बाईंनी सांगितलंय की त्यांनी स्वतःच्याच मनानं बूट काढले, म्हातारपणी पोरकटपणा सुचला म्हणून. मी तसंच लिहिते. साक्षीदार म्हणून तुमची फक्त सही."

फक्त सही. सही मला येत होती. माझ्या आयुष्यात सगळं लिहिणं तेवढंच होतं, दुसऱ्यानं लिहिलेल्याखाली सही. पेन हातात घेतलं. आजींनी माझ्यासाठी खोटं सांगितलं होतं, आणि तो कागद माझ्यासमोर पडला होता. माझं नाव न लिहिलेला, स्वच्छ.

"तसं नाही झालं," मी म्हणाले.

तिनं कागद उलटा केला, कोरी बाजू वर घेतली. "मग पहिल्यापासून सांगा. क्रमानं. वाटलं ते नको, घडलं ते."

मी सांगितलं. बूट आधी मी काढले. गाइडचं बोलणं मला कळलं नव्हतं, तरी मान हलवली. परत निघाल्यावर चौथ्या पावलाला माझ्या लक्षात आलं. त्यानंतर दहा मिनिटं मी बोलले नाही. इथं मी अडखळले, पण ती लिहीत होती, वर बघितलं नाही, त्यामुळे पुढं सांगता आलं. शेवटी तिनं स्वतःचं एक वाक्य घातलं, अगदी सगळ्यात वर: मी गाडीपाशी थांबले आणि सूचना जपानीत सांगायची सोय केली नाही. मग सगळं वाचून दाखवलं.

"हे तर मी बोलले तेच आहे," मी म्हणाले.

"हो," ती म्हणाली. "अहवाल म्हणजे एवढंच असतं."

मी आजींच्या खोलीत गेले आणि जमिनीपर्यंत वाकले. माझी शाळा नववीत सुटली, तेही सांगून टाकलं. त्याचा बुटांशी काय संबंध, ते मला सांगता आलं नसतं. त्या पलंगावर पाय उशीवर ठेवून बसल्या होत्या. म्हणाल्या, "मीही गप्पच बसले की. अडतीस वर्षं मुलांना शिकवलं, दुखलं तर लगेच सांगायचं. आणि बघा." त्या आपल्या पट्ट्या बांधलेल्या पायांकडे बघून हसल्या. "मला पण शाळेत परत पाठवायला हवं."

शेवटचे दोन दिवस समुद्राचे. समुद्र म्हणजे मला रत्नागिरीचा माहीत होता, नारळ आणि चिकट गरम हवा. हा समुद्र थंडगार होता, राखाडी, आणि त्याच्यावरून दाट धुकं चालत यायचं. उथळ पाण्यात एका पायावर उभी असलेली गुलाबी रोहित पक्ष्यांची रांगच्या रांग. आणि मग एका ठिकाणी वाळवंट सरळ समुद्रात उतरत होतं. मध्ये किनारा नाहीच म्हणा ना. उंच वाळूची भिंत, तिच्या पायाशी लाटा.

जीप लांब थांबली. आजींना चालता येत नव्हतं. मी म्हणाले, मी थांबते तुमच्याजवळ. त्या म्हणाल्या, "छे. तुम्ही जा, बघा, आणि परत येऊन मला सांगा. क्रमानं." त्यांना संचालिकेनं सगळं सांगितलं असावं.

मी गेले. या वेळी बूट घालून. लाट यायची आणि वाळवंटाच्या पायाला भिजवायची. भिजलेली वाळू गडद व्हायची, लाट मागं गेली की वरून कोरडी वाळू सळसळत येऊन ते सगळं पुसून टाकायची. पुन्हा लाट. एक इतकं पाणी की संपत नाही आणि एक इतकं कोरडं की भिजत नाही, दोघं एकमेकांना लागून. धुक्यात कुठंतरी सील भुंकत होता. मी तिथं उभी राहिले आणि आईची आठवण आली. तिनं समुद्र कधी बघितलाच नाही.

परत येऊन आजींना सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग पर्समधून एक छोटी वही काढली, पेन्सिल काढली आणि माझ्यापुढं धरली. "आता हेच इथं."

"मला कांजी येत नाही." कांजी म्हणजे चिनी वळणाची ती अवघड अक्षरं, हजारोंनी.

"समुद्र हिरागानात लिहिला तरी ओलाच असतो."

जीपच्या पायरीवर बसून मी लिहिलं. सात ओळी. लहान मुलासारखं अक्षर, दोन ठिकाणी खोडलेलं. आजींनी चष्मा लावून वाचलं. एक चूक सुधारली. मग लाल पेन काढलं, निवृत्तीनंतरही पर्समध्ये लाल पेन, आणि खाली एक मोठं वर्तुळ, त्याभोवती पाकळ्या, असं फूल काढलं. जपानी शाळेत छान काम केलेल्या मुलाच्या वहीत शिक्षक असं फूल काढतात. त्याला हानामारु म्हणतात, हे नंतर कळलं. तेव्हा मी चाळिशीला आले होते, आणि लाल शाईनं काढलेलं काही माझ्या वहीत यापूर्वी आलं होतं ते फक्त फुल्या.

सोमवारी कारखान्यात हानचो-सानना गाठलं. "लीडरचं काम करीन," मी म्हणाले. "पण कांजी येत नाही. हिरागानात लिहीन. चालेल?"

त्यांनी मान एका बाजूला कलती केली, थोडा विचार केला. "सोमवारी वाचून तुम्हीच दाखवणार ना? मग चालेल."

पहिली चिठ्ठी मी त्याच आठवड्यात लिहिली. ती अजून माझ्याकडे आहे, कारण दोनदा लिहिली आणि पहिली खाडाखोडीची घरी आणली. त्यात लिहिलंय: सकाळी भाताच्या पट्ट्याखाली पाणी सांडलं होतं. माझा पाय घसरला. पडले नाही. कुणी पाहिलं नाही. मी लगेच सांगितलं.

सोमवारी ती मी सगळ्यांसमोर वाचली. वाचून झाल्यावर मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "पाणी माझ्याकडून सांडलं होतं! माफ करा!" आणि सगळे हसले. मग घंटा झाली आणि पट्टा सुरू झाला.